ओहोटीचा तास आणि जगाची यादी

९ ऑक्टो., गुरु.
प्राचार्यांनी बोलावलं. जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्यांनी आता आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांचीही यादी काढलीय. तिच्यात यायचंच. समन्वयक मी. प्राणिशास्त्राची बाई, वर्गीकरण येतं म्हणून की काय कोण जाणे.
मग आले मुद्द्यावर. माझा ओहोटीचा तास. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना किनाऱ्यावर नेते, वार ठरलेला नाही, तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी ओहोटी. वेळापत्रकाच्या संगणकाला हे काही पचत नाही. म्हणाले, यादीत नाव आलं तर तास राहील, नाहीतर तो वेळ शोधनिबंधांना.
रागारागात छत्री तिथेच विसरले.

१४ ऑक्टो., मंगळ.
दिवसभर फॉर्म. सोबत ऑफिसातले सुर्वेभाऊ. शिंपल्यांवरची माझी मराठी पुस्तिका, पंधरा वर्षांची मेहनत, एकाही रकान्यात बसेना. ‘बाहेरील तज्ज्ञ’ म्हणून जनीमावशीचं नाव घातलं. खडकाला चिकटलेली कालवं काढण्यात तिचा जन्म गेला, मुलांना खडकावर तीच शिकवते. पण पदवी विचारतात. खोडलं. वाईट वाटलं, अगदी वाटलं.
उरलेले रकाने भाऊंवर सोपवून घरी. बांगडे चांगले मिळाले.

२० जाने., मंगळ.
आलं नाव! तळाशी आहे, पण आहे. स्टाफरूममध्ये पेढे. प्राचार्य स्वतः येऊन म्हणाले, तुमचा तास राहिला. मी दोन पेढे खाल्ले, तिसरा पर्समध्ये.

२ फेब्रु., सोम.
यादीवाल्यांचा मेल. तुम्हाला सर्वांत जास्त गुण ‘परदेशात नोकरी करणारे माजी विद्यार्थी’ या रकान्यात. प्रत्येकाचा देश कळवा.
तो रकाना भाऊंनी भरलेला. त्यांनी वही उघडली. बोटीवर लागलेली सगळी पोरं! गुहागरची, पालीची, गावातली. लबाडी नाही हो, त्यांना तसंच वाटतं.
“मॅडम, बोट परदेशात जाते ना? मग पोरगा कुठे असणार?”
गुहागरच्या गणेशला मेसेज केला, कुठे आहेस रे? उत्तर आलं, मॅडम, चहूकडे पाणी दिसतंय, सांगू काय?
हसून हसून पुरेवाट. मग प्राचार्य हळूच म्हणाले, कंपनीचा जो देश असेल तो टाका, कोण बघतंय. सही माझी. न केली तर नाव जाणार, आणि तास...

३ फेब्रु., मंगळ.
झोप बरी लागली, म्हणजे ठरलंच होतं. मुलांच्या वहीत मी ‘दिसलं तेवढंच लिहा’ म्हणून लाल शेरे मारते. मी कुठल्या तोंडाने सही करू?
मेल लिहिला: ही मुलं जहाजांवर आहेत, देश सांगता येत नाही, हा आकडा काढून टाकावा. पाठवण्याआधी प्राचार्यांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.
“माझा भाऊ वीस वर्षं बोटीवर होता. आई सगळ्यांना सांगायची, परदेशी असतो. आम्ही कधी खोडून काढलं नाही.”
चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, पाठवा.
तासाचं ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. सुर्वेभाऊ मात्र दिवसभर माझ्याशी फुरंगटून.

४ फेब्रु., बुध.
तृतीया. आठला ओहोटी. किनाऱ्यावर गेले तर प्राचार्य आधीच हजर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मुलांची तोंडं बघण्यासारखी. जनीमावशीने सरांना खडकाशी उकिडवं बसवलं, हातात कोयती दिली. चार वेळा मारली, कालव काही फुटेना.
“कडेन मारा सर, डोक्यावर नको. आनि घाई कसली? पानी इतक्यात येत नाय.”
पाचव्यांदा फुटलं. इतके खूश झाले की बोट कापलेलं कळलंच नाही. मी रुमाल दिला. खूप दिवसांनी छान सकाळ गेली.
यादीवाल्यांचं उत्तर नाही अजून. नाव राहील की जाईल, देव जाणे. परत येताना प्राचार्यांनी विचारलं, पुढची अशी ओहोटी कधी? म्हटलं, अमावास्येनंतरची तृतीया, २० तारीख, शुक्रवार.
खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. पेन्सिलीने.