वऱ्हाडापुढचा हार्बिंजर

४ मे
भाचीचं लग्न परगावी. बत्तीस माणसांचं वऱ्हाड. ताई म्हणाली, तू रिकामाच आहेस, दोन दिवस आधी जाऊन लॉजच्या खोल्या पक्क्या कर. रिकामा! रिटायर होऊन चारच महिने झालेत. अपमान गिळला.

५ मे
डिक्शनरीत सापडलं! हार्बिंजर. लोक समजतात निरोप्या, अग्रदूत. पण मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, आणि त्याच्याही मागे जर्मनांच्या पूर्वजांकडे: 'सैन्य' अधिक 'आसरा'. राजाच्या लवाजम्यापुढे जाऊन मुक्कामाची सोय लावणारा अधिकारी. म्हणजे मीच! खाली आणखी अर्थ होते. वाचले नाहीत. पहिल्यातच पोट भरलं.

बायकोला सांगितलं. म्हणाली, हार्बिंजर, कचरा खाली ठेवून या.

८ मे, दुपार
लॉजच्या रजिस्टरमध्ये व्यवसाय लिहिला: हार्बिंजर. मॅनेजरने विचारलं, एसी दुरुस्त करता का? त्याला शब्दाचा इतिहास सांगितला. पाऊण तास. मध्येच म्हणतो, बाकीच्या आठ खोल्यांचा फॉर्म भरा, व्हॉलीबॉलवालेही विचारतायत. म्हटलं, आधी पाहणी, मग सही.

संध्याकाळ
प्रत्येक गादीवर आडवं होऊन पाहिलं. चौथीवर डोळा लागला.

९ मे, सकाळ
मॅनेजर फॉर्म घेऊन मागे मागे फिरतोय. अधिकाऱ्याने कारकुनासारखी घाई करू नये. नाश्ता झाल्यावर बघू.

दुपार
व्हॉलीबॉलच्या दोन टीम आल्या. आठही खोल्या गेल्या. मॅनेजर म्हणतो, दोनदा विचारलं होतं. खरं तर तीनदा, पण मी वाद घातला नाही. गावात दुसरं लॉज नाही. सुचेल काहीतरी.

१० मे, सकाळी ९
वऱ्हाड उतरलं. खोली एक. माझी. तिच्यात अकरा बायका शिरल्या. ताईने माझी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं.

भावोजी इंग्रजीचे प्राध्यापक, ते तरी समजून घेतील म्हणून त्यांना हार्बिंजर समजावला. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हल्ली त्याचा अर्थ बहुधा येणाऱ्या संकटाची चाहूल असा घेतात, शालकराव. त्यातही तुम्ही फिट बसता."

११ वाजता
शेवटी नवरीच लॉजच्या पायरीवर बसून फोन लावत सुटली. वीस मिनिटांत एका शाळेचं वसतिगृह मिळवलं. सगळे निघाले. मी लगबगीने पुढे झालो, तर तिने हाताला धरून थांबवलं.

"मामा, तुम्ही पुढे नका जाऊ. सामानाबरोबर या."

टेम्पोत बसून लिहितोय. मागे.