दुसऱ्या मजल्यावरची येळवस

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७
गुलबर्ग्यात यंदा थंडी जरा जास्तच. बायकोचा, विजयश्रीचा, मूड दहापैकी तीन. यंदा येळवसला, म्हणजे अमावास्येला शेतात पूजा करून जेवायच्या सणाला, गावी संतपूरला जायचं नाही, असं मी जाहीर केल्यापासून ती भांडी जोरात ठेवते. माझा मूड उत्तम.

कारण लिहून ठेवतो. गेल्या येळवसला शेतात सगळा भावकीचा गोतावळा जेवायला बसला होता. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी खुर्ची मागितली. तर थोरला भाऊ अण्णा तीस माणसांत हसून म्हणाला, "शिवा आता पाव्हणा झालाय की!" ठीक आहे. पाव्हण्याला आवतन लागतं. अण्णाचा रीतसर फोन आल्याशिवाय मी शेतात पाय ठेवणार नाही.

मोबाईलवर एक डॉक्टर सांगत होते, हिवाळ्यात मन उदास होतं, घरात निसर्ग आणा. ठरलं. आपण शेतात जायचं नाही, शेत वर आणायचं. बायकोसाठी.

३ डिसेंबर
नर्सरीतून चार कुंड्या आणल्या. नर्सरीवाला म्हणाला, पाणी बेतानं घाला. शेतकऱ्याच्या पोराला शिकवतो! सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या घातलं.

७ डिसेंबर, रविवार
तीन कुंड्या कुजल्या. माल मुळातच कच्चा होता. चौथी जिवंत आहे, पण ती प्लास्टिकची निघाली. जुन्या टबात माती भरून मोड आलेला हरभरा पेरला. अण्णाचा फोन नाही. मी वाट बघत नाहीये, फक्त नोंद.

११ डिसेंबर
हरभरा बोटभर वर आला! बेडरूममध्ये शेत! ऑफिसातून येईपर्यंत विजयश्रीनं सगळा खुडून भाजी केली. मी चिडलो. ती म्हणाली, "निसर्ग आत आणायचा हुता न्हवं? गेला की आत." भाजी चांगली झाली होती. तिचा मूड चार.

१४ डिसेंबर, रविवार
आज मोठं काम. ऑटोतून कडब्याच्या आठ पेंड्या आणल्या. हॉलमध्ये कडब्याची खोप उभी केली, येळवसच्या पूजेला शेतात करतात अगदी तशी. टीव्ही आत गेला, पण निसर्गापुढे टीव्ही काय!

जिन्यात थोडा कडबा सांडला. तो खात खात गल्लीतली गाय पहिल्या मजल्यापर्यंत चढली. गाय जिना चढते, उतरत नाही, हे मला नव्यानं कळलं. तीन माणसं, एक तास. खालच्या निलम्मा अक्कांनी कन्नडमधून बरंच काही सुनावलं. मला कन्नड उत्तम येतं, पण त्या वेळी येत नव्हतं.

१६ डिसेंबर
विजयश्रीनं आज या विषयावर तोंड उघडलं. "येळवसला आवतन लागतंय व्हय? वाटंनं जाणाऱ्याला हाका मारून जेवू घालत्यात. तुम्ही कामून अडून बसलाव?" मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे.

फोनमध्ये काही बिघाड आहे का, म्हणून तिच्या फोनवरून मला लावून बघितला. वाजतो. व्यवस्थित वाजतो.

१८ डिसेंबर. संध्याकाळी
ती पिशवी भरतेय. उद्या पहाटेच्या गाडीनं एकटी जाणार. मी म्हणालो, खुशाल जा, तुझ्याच मूडसाठी तर हे सगळं चाललंय. तिनं पिशवीची चेन जोरात ओढली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९
येळवस. ती गेली. मला रजा आहे. महिन्यापूर्वीच टाकली होती, सवयीनं.

खोपीत पूजेला चुना लावलेल्या पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे असतात. दगड मिळाले नाहीत, पाच बटाट्यांना चुना लावून बसवले. भीम जरा बारीक झालाय. येळवसची शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताकातली अंबील जमण्यासारखी नव्हती, हॉटेलातून इडली आणली. चटणी सांडली. कडब्याच्या धुळीनं अकरा शिंका आल्या. एकूण वातावरण प्रसन्न.

दुपारी २
विजयश्रीनं फोटो पाठवला. शेत, खोप, सगळी जेवायला बसलेली. मधोमध एक निळी प्लास्टिकची खुर्ची. रिकामी.

मी फोन लावला. ही खुर्ची कुणाची, विचारलं. ती म्हणाली, "अण्णांनी सकाळीच घरनं डोक्यावर घिऊन आल्यात. पोरासोरांना बी बसू दिनात गेल्यात." मागून अण्णाचा आवाज आला, "शिवा कुठवर आलाय, इचार की! भज्जी गार व्हायलीय."

मी येणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हॅलो हॅलो म्हणालो, रेंज नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

स्टँडवर चौकशी केली. आता निघालो तर पोहोचेपर्यंत अंधार पडेल. तोवर सगळे भांडी आवरून गावात परतलेले असतील. खुर्चीसुद्धा.

खोपीत बसून लिहितोय, खाली फरशीवर. गुडघे फार दुखतायत. माझा मूड लिहायचा राहिला.