आठ वेळा नव्याने लागलेल्या माणसाचे वर्कशॉप

या वर्कशॉपची खरी किंमत आधी लिहून ठेवतो: दुसऱ्याच्या कारखान्यातली आठ वर्षं, हाताच्या बोटाचं एक पेर आणि लेकीची अख्खी शाळा, जिच्या एकाही कार्यक्रमाला मला जाता आलं नाही. बाकी काही लागलं नाही.

मी, वय एकाहत्तर, जुने सोबती ज्याला अजून 'नवा' म्हणून हाक मारतात तो, पूर्ण शुद्धीत आणि भलत्याच आनंदात हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर हललेलं दिसेल. ते वयाने नव्हे, उत्साहाने. दबाव कोणाचाही नाही.

'नवा' कसा, तर त्या कारखान्यात अकरा महिने भरले की तीन दिवस घरी बसवत आणि चौथ्या दिवशी नवीन कार्ड देऊन पुन्हा घेत. हेतू हा की कोणी कायम होऊ नये. असा मी आठ वेळा लागलो. आठव्या वेळी सुपरवायझर विचारतो, "हे मशीन चालवता येतं का रे?" म्हटलं, "साहेब, बसवलंय मीच!"

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक लेकीला. तिच्या एकटीच्या नावावर.

कलम दोन. आता खरी गंमत. गेल्या सोमवारी, माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला जे लाकडी पार्टिशन आहे त्यामागे, जावईबापू फोनवर म्हणाले, "सासरेबुवा गेले की सगळ्यांना अकरा-अकरा महिन्यांवर घेऊ. कायमची भानगडच नको." पण माझे कान! बेअरिंग कुरकुरायच्या आधी मला कळतं. या वर्कशॉपमध्ये माझ्या कानावरून निसटून काही जात नाही.

सबब, वर्कशॉप, जागा आणि चारही लेथ मशीनं माझ्या सहा कामगारांना समान हिश्श्याने. अट एकच: इथे लागेल तो सहा महिन्यांत कायम होईल, आणि तीन दिवस घरी कोणालाही बसवलं जाणार नाही. हे लिहिताना मी दोनदा खुर्चीवरून उठलो! लेकीला वाचून दाखवलं, तर म्हणते, "बाबा, आधी सही करा, हे यायच्या आत."

कलम तीन. जावईबापूंना माझी आठही कार्डं, फ्रेम करून. प्रत्येकावर 'नवीन भरती' असा शिक्का आहे. शिवाय त्यांची इच्छा असल्यास वर्कशॉपमध्ये काम मिळेल. सहा महिन्यांत तेही कायम होतील.

कलम चार. माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर सहांपैकी सगळ्यात जुन्या, लेथवरच्या टर्नरला. बावीस वर्षं मागून नेतो आणि पुसून परत देतो. त्यालाच साक्षीदार करणार होतो, पण वकील म्हणाले, ज्याला मिळणार त्याने सही करू नये. म्हणून नुसता जवळ उभा केला आहे.

स्थळ: वर्कशॉप, पॅकिंगचं टेबल.
दिनांक: सात, पगाराचा दिवस.
सही: (केली. ठसठशीत.)

साक्षीदार पहिले: शेजारच्या छापखान्याचे मालक.

साक्षीदार दुसरे: आमचे डॉक्टर. त्यांचा शेरा: "तपासले. बुद्धी व स्मरण उत्तम. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. कारण मशीनचा आवाज. बहुधा दहा वर्षांपासून."

ता. क. शेरा वाचून मी टर्नरकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, जावईबापूंचा हा बेत मी दोन वर्षं सांगतोय तुम्हाला."

त्याचा लेथ माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला आहे.