वळणाखालचा लाल डाग

९ एप्रिल, गुरुवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, छोटीला गोड पापा.

पत्रास कारण आहे, पण ते पहिल्याच ओळीत लिहिलं तर बाकीचं तू वाचायची नाहीस, म्हणून आधी खुशाली. मी बरी आहे. खोकला गेला. घरमालकीणबाईंनी एकदाचा जिन्यातला दिवा बदलला, त्यामुळे त्यांचं मांजर आता पायात यायच्या आधी दिसतं. आई फोनवर रोज विचारते, जेवलीस का, आणि मी रोज हो म्हणते. तू तिला काही बोलू नकोस.

हे पाकीट फक्त तुझ्या हातात द्यायचं, असं सामान घेऊन वर वनचौकीवर येणाऱ्या ड्रायव्हरकाकांना बजावलंय. ते म्हणाले, "तुमच्या भावोजींशी वाजलंय वाटतं?" म्हटलं, थोडंसं.

भावोजी गाडीचे सुटे भाग न्यायला इकडे आले होते ना, तेव्हा भर दुपारी माझ्या ऑफिसात आले. नेहमीसारखे. सगळ्यांना हसवलं, माझ्या खुर्चीत बसून लहान मुलासारखे गरागरा फिरले. पण लंगडत होते. गुडघ्याचं तुला काय सांगितलंय त्यांनी? चौकीच्या पायऱ्यांवरून घसरलो, असंच ना?

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. कोणी विचारलं तर तू "ती तारांचं काहीतरी करते" एवढ्यावर भागवतेस. तर ऐक. अँटेना टेकडीवर उभी करण्याआधी आम्ही ती संगणकात उभी करतो. टेकडीची उंची, दरी, खडक, झाडी सगळं आकड्यांत घातलं, की तो नकाशा रंगवून देतो. हिरवं असेल तिथे आवाज पोचेल, लाल असेल तिथे नाही. तुमच्या टेकडीवरच्या अँटेनाचा नकाशा जवळजवळ सगळा हिरवा आला. फक्त दरी जिथे वळते, त्या वळणाच्या खाली एक लाल डाग होता. माझ्या डोळ्यांत तो तेव्हापासून खुपत होता.

संगणक म्हणाला म्हणून काही आम्ही मान्य करत नाही. मग प्रत्यक्ष जागेवर चाचणी होते. नकाशावर ठिपके मारून देतात. माणसाने बरोब्बर त्या ठिपक्यावर जायचं, वॉकीटॉकी छातीशी धरायची, टेकडीवरच्या पहारेकऱ्याला हाक मारायची आणि आवाज स्वच्छ आला, तुटक आला की आलाच नाही, ते लिहून आणायचं. दरीत कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा भावोजी म्हणाले, "मी जातो. तिथले दगड मला तोंडओळखीचे आहेत." आणि त्यांनी लिहून आणलं की सगळीकडे आवाज स्वच्छ. लाल डागातसुद्धा.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी संगणकातलं ते मॉडेल तीनतीनदा तपासलं, चूक सापडेना. आमचे साहेब म्हणाले, "जागा सांगते ते खरं. मॉडेल सुधारून घे." आमच्या कामात हीच रीत आहे आणि एरवी ती बरोबरच आहे. मग मी खडकाचा आकडा जरा हलवला, आणखी जरा हलवला, आणि डाग गेला. मॉडेल आणि जागा तंतोतंत जुळली. मी अहवालाखाली सही केली. वळणाखालीही वॉकीटॉकीवर विसंबायला हरकत नाही, असं तुमच्या तुकडीला कळवलं गेलं.

आणि मग त्या दुपारी मी आपलं सहज विचारलं, "भावोजी, गुडघ्याला काय झालं?"

"तुझ्या अँटेनापायी झालं," म्हणाले. "अगं, त्या वळणाखाली आवाजच येईना. चढलो एका दगडावर. तिथेही चिडीचूप. मग त्याच्या वरच्यावर चढलो, तर असा खणखणीत आला म्हणतेस! उतरताना पाय सटकला."

"पण ठिपका खाली होता ना?"

"असेल की. म्हणून काय मेहुणीच्या अँटेनाला नापास करू?"

सगळे हसले. मीही हसले.

त्यांनी लबाडी केली असं समजू नकोस, ताई. वॉकीटॉकी हातात घेऊन आयुष्य काढलेला माणूस हेच करणार. आवाज आला नाही की दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. त्यांना वाटलं, आवाज मिळवणं हेच आपलं काम. जागचं न हलता "नाही" एवढंच लिहून आणायचं, हे त्यांना कोणी बजावलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता खरं कारण. वणवा लागला की भावोजी माणसं घेऊन दरीत उतरतात. वारा फिरला की तो वरून पहारेकऱ्याला दिसतो, खालच्यांना धुरात काही दिसत नाही. तो वरून ओरडणार, "वर या, वर या." आणि वळणाखाली कुणाला काही ऐकूच येणार नाही. पहारेकरी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून ती माणसं काम करत राहतील. कारण मी तसं लिहून दिलंय.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल मागे घेतला. वळणावर दुसरी छोटी अँटेना बसवावी लागेल. पण वरच्या कचेरीतून हुकूम निघून तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागणार, आणि गवत तर आत्ताच वाळलंय.

म्हणून चौकीवर फोन केला. तिथला एकुलता एक फोन त्यांच्याच टेबलावर. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भित्री भागूबाई! मला ते दोन्ही दगड पाठ आहेत. आणि पोरांना आता काय सांगू, मेहुणीनं शब्द फिरवला म्हणून?" मग फोन ठेवून दिला. रागावले होते की ओशाळले होते, कळलं नाही. तुला बोलावून द्या म्हणायचा मला धीरच झाला नाही.

ताई, मला फार भीती वाटते गं. फोन वाजला की आधी चौकीचा नंबर आहे का ते बघते. काम करताना तोच नकाशा उघडते, जुना, लाल डागाचा, आणि बघत बसते. देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की माझं मॉडेल चुकीचं निघावं.

माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. भांड, रड, अबोला धर, गुडघ्याचं निमित्त कर, तुला जे साधेल ते कर. दुसरी अँटेना बसेपर्यंत वळणाखाली कोणी उतरायचं नाही. आणि तुला न जुमानता उतरलेच, तर निदान छोटीच्या डोक्यावर हात ठेवून एवढं कबूल करून घे की आवाज आला नाही तर तो शोधायचा नाही. दगडावर चढायचं नाही, दोन पावलंही सरकायचं नाही. आवाज नाही म्हणजे मागे फिरायचं, सगळ्यांनी, तिथूनच.

त्यांना माझा राग आला तर येऊ दे. जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल मला. फक्त ते न बोलणं तुझ्या घरात, तुझ्यासमोर बसून असू दे.

वाचलंस की लगेच ऊठ.

तुझी,
धाकटी