पिल्लू आपणहून आत येईपर्यंत

उत्तम,

कापसाच्या गाड्या घेऊन मी अकोल्याले चाललो. गुरांच्या कोठ्याच्या दाराखालच्या भोकातून कुत्र्याच्या पिल्लाले एवढ्यात मोकळं सोडू नको. तू भाकर बाहेर ठेवून राहिला, म्हणून ते नुसतं बाहेर जाणंच शिकलं. भाकर आत ठेव. कोणी न बोलावता, भोकावरचा तरटाचा पडदा डोक्यानं लोटून ते आत आलं, की तयार झालं समज. अन् आत आल्यावर लाथ घालू नको. मार बसते त्या दारात कुत्रंही पुन्हा येत नाही.

येताना बाळापूरले जाऊन तुया बायकोले माहेराहून आणा म्हणलं तू. नाही आणत. तीन वर्सं मार खाऊनही वच्छला याच घरात परत येत होती. इतकं तर हे पिल्लूही सोसणार नाही.

खुशालराव