नऊ की पंचेचाळीस

अब्बा,

काल मी रत्नागिरीत बंदुकीच्या दुकानात गेले होते. ऐकून तुम्ही हसाल, म्हणून आधी भांडून घेते.

सौदीतल्या जिझानमधल्या तुमच्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, बंदुकीच्या दुकानाचा मला शेवटपर्यंत तिटकारा होता. परवाना त्याचा, गल्ला त्याचा, आणि गिऱ्हाइकाला पिस्तूल निवडून देणारे तुम्ही. परदेशी म्हणून तुम्हाला स्वतःला तिथे एक काडतूसही बाळगता येत नव्हतं! गिऱ्हाईक आलं की सलाम करून तुम्ही त्याचा हात हातात घ्यायचात आणि सोडायचाच नाहीत. त्याला वाटायचं, किती अदबीचा हिंदी माणूस. तुम्ही त्याचा पंजा आणि पकड जोखत असायचात. मग निकाल: याला नऊ एमएम, त्याला त्याहून जाड गोळीचं पंचेचाळीस.

संध्याकाळी मी तिथल्याच इस्पितळाच्या इमर्जन्सीतून घरी येते, तेव्हा तुम्ही माशाचं सालन ढवळत उभे आहात आणि वर तत्त्वज्ञान चालू आहे. "मोठी गोळी लोक मिशीसाठी घेतात. हाताला आवरते तीच गोळी माणसाला वाचवते."

"आणि समोरच्याचं काय?"

"समोरचा चोर असतो, बेटी."

"माझ्या टेबलावर अजून एकही चोर आलेला नाही, अब्बा. बायका येतात, भाऊ येतात."

"याच दुकानाच्या पगारावर डॉक्टर झालीस. बस, जेव आधी."

मग सौदीकरण आलं. कफील तुम्हाला म्हणाला, दुकानातल्या नोकऱ्या आता सौदींनाच, माझ्या भाच्याला शिकव आणि मग खलास. तुमच्या जागी बसणाऱ्याला तुम्ही पोटच्या मुलासारखं शिकवत होतात. मी संतापले, तर म्हणालात, "हत्यार आहे. अर्धवट शिकवून चालत नाही." भाच्याला मात्र तुमचं हात धरणं म्हणजे थेरडेपणा वाटायचा. हात थरथरणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने तुमच्यासमोर पंचेचाळीसचं पिस्तूल विकलं. काही दिवसांनी त्या म्हाताऱ्याच्या फाटकाशी खडखडाट झाला. त्याने झाडलेली पहिली गोळी फाटकात गेली. धक्क्याने हात भलतीकडे उडाला आणि दुसरी गोळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याच सुनेच्या खांद्यात घुसली. फाटकाशी पाण्याचा टँकरवाला उभा होता.

ती सून माझ्याच टेबलावर आली. घरी येऊन मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही घास खाली ठेवलात आणि म्हणालात, "मी भाच्याला नऊचीच दे म्हणत होतो."

हे वाक्य मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि तुम्ही मेलात म्हणून करणारही नाही. नऊची असती तर काय झालं असतं? हाडाचा चुरा जरा कमी झाला असता? जखमेत बोटं घालणारी बाई तुम्हाला सांगते आहे, आत किती एमएम गेलं ते मला बाहेरून कधीच ओळखता आलं नाही. ओळखता यायचा तो फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा, ज्याने घरच्यांना वाचवायला हत्यार आणलं होतं. तुम्ही आयुष्यभर चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत राहिलात. कफीलने फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडायचा कागद, हातात ठेवला त्या दिवशीसुद्धा तुम्ही भाच्याचा हात हातात घेऊन उभे होतात!

गावी परतल्यावर हेच मी सभासभांतून ओरडून सांगत आले. घरात हत्यार नको. आता त्या भाषणांवरूनच मला धमक्या येतात. गेल्या वर्षी दाराला कुणीतरी रॉकेल फासून गेलं. माझी सून रडली, मुलाने माझ्या नावच्या परवान्यासाठी धावपळ केली आणि काल मला दुकानात नेऊन उभं केलं.

"नऊ एमएम आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही, मॅडम," मुलाने विचारताच दुकानदार मला म्हणाला. "बत्तीसचं घ्या. बावीस म्हणजे खेळणं."

मी त्याला ठणकावून सांगायला हवं होतं की मला काहीच नको. सभेत सांगते तसं. पण माझ्या तोंडून निघालं, "माझा पंजा लहान आहे, मनगट दुखतं. बावीसचंच दाखवा."

त्याने काढून दिलं. मी ते परत ठेवलं आणि घरी आले. पण ठेवण्याआधी बराच वेळ धरून उभी होते, अब्बा. हातात नीट बसलं होतं.