सहा नंबरचं टेबल

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज क्लबच्या बुकिंगच्या वहीत मी माझंच नाव लिहिलं. दुपारी एक मेंबर मला फोनवर थांबवून घरात विचारत होते, आठ जण की दहा, आणि मी पेन धरून खिडकीबाहेर बघत बसले. नंतर पाहते तर सहा नंबरच्या टेबलापुढे माझ्याच अक्षरात, सुनंदा इंगळे, दोन जण. माहेरचं नाव. इथे मी नुसती ताई, ते नाव कुणालाच ठाऊक नाही. आणि कामावरच्या माणसांनी त्या खुर्च्यांवर बसायचं नसतं. खोडायला हवं होतं. का नाही खोडलं?

संध्याकाळी आमच्या वेटर शालिग्रामभाऊंनी सहा नंबर मांडलं. दोन ग्लास, पांढरे रुमाल घडी घालून, खिडकीत लांबून जाणाऱ्या गाडीचे दिवे. एका मेंबरला तेच टेबल हवं होतं. भाऊ म्हणाले, "नाही साहेब, इंगळे मॅडमचं बुकिंग हाय. त्या आल्या तं त्याइले काय सांगू?"

इंगळे मॅडम. कितीतरी वेळ ते कानात राहिलं.

दोन जण म्हणजे दुसरं कोण, तेही ठरेना. रुमालांची घडी शेवटपर्यंत मोडली नाही. भाऊ ते उचलत म्हणाले, "काऊन आल्या नसतीन त्या?"

"जमलं नसंन," मी म्हटलं.

न कळवता गैरहजर राहिलेल्यांच्या नावापुढे लाल फुली मारणं माझं काम. तीन फुल्या झाल्या की बुकिंग बंद. मी माझ्या नावापुढे फुली मारली.

अजून दोन बाकी आहेत.